सांत अवस्था यंत्रांचे संश्लेषण

एखाद्या यंत्रणेचे वर्तन मोजक्या अवस्था व त्यांमधील संक्रमणे यांच्या रूपाने मांडून, त्या मांडणीवरून प्रत्यक्ष अंकीय विद्युत् मंडल किंवा त्याचे नेमके लेखी वर्णन तयार करण्याच्या प्रक्रियेला सांत अवस्था यंत्राचे संश्लेषण म्हणतात. ज्यांची संख्या मर्यादित आहे अशा अवस्थांनी बनलेले यंत्र ते सांत अवस्था यंत्र होय. दूरध्वनी केंद्र, चौकातील वाहतूक-दिवे, उद्वाहक, संगणकाचा नियंत्रण विभाग इत्यादींच्या मुळाशी हीच कल्पना आहे. [→ बूलीय बीजगणित, संगणक].

अवस्था व स्मृती : अंकीय मंडलांचे दोन प्रकार आहेत. संयोजी मंडलाचे प्रदान केवळ त्या क्षणीच्या आदानांवर अवलंबून असते. क्रमिक मंडलाचे प्रदान मात्र पूर्वी काय घडले यावरही अवलंबून असते आणि म्हणून त्याला स्मृतीची गरज असते. गतकाळातील जेवढी माहिती पुढील वर्तन ठरविण्यास आवश्यक आहे, तेवढ्याच माहितीला अवस्था म्हणतात.

औद्योगिक वसाहतीतील एखाद्या इमारतीच्या गच्चीवर असलेल्या पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेता येईल. टाकीत दोन पातळीदर्शक बसविलेले आहेत. पाणी खालच्या खुणेच्याही खाली गेले की पहिल्याचा संकेत १ होतो. पाणी वरच्या खुणेला पोहोचले की दुसऱ्याचा संकेत १ होतो. पाणी दोन्ही खुणांच्या मध्ये असताना दोन्ही संकेत ० असतात. या वेळी पंप चालू असावा की बंद, हे केवळ संकेतांवरून सांगता येत नाही. टाकी भरत असेल, तर तो चालू राहिला पाहिजे. पाणी वापरले जात असेल, तर बंद राहिला पाहिजे. हा भेद लक्षात ठेवण्यासाठी ‘विराम’ व ‘उपसा’ अशा दोन अवस्था लागतात. दोन्ही संकेत एकाच वेळी १ झाले, तर टाकी एकाच वेळी रिकामी व भरलेली आहे असा अर्थ होईल. तसे होणे अशक्य असल्याने पातळीदर्शक बिघडला आहे असे समजून पंप बंद करून घंटा वाजविणारी ‘बिघाड’ ही तिसरी अवस्था ठेवावी लागते. पुनःस्थापनेची कळ दाबल्यावर यंत्र बिघाडातून विरामाकडे येते.

फ्लिप-फ्लॉप या नावाने परिचित असलेले द्विस्थिर मंडल ० किंवा १ यांपैकी एक मूल्य साठवू शकते. तीन अवस्थांसाठी अशी दोन मंडले पुरतात. त्यांना क व ख म्हटले आणि विरामास ००, उपशास ०१ व बिघाडास १० हे संकेत दिले, तर ख हे १ असताना पंप चालू व क हे १ असताना घंटा चालू, इतके साधे प्रदान मिळते. प्रत्येक काल-स्पंदाबरोबर क व ख यांची पुढील मूल्ये संयोजी मंडल ठरविते. परंतु दोन द्विस्थिर मंडलांना चार संकेत शक्य आहेत आणि ११ हा चौथा संकेत कोणत्याही अवस्थेस दिलेला नाही. वीज सुरू होताना किंवा विद्युत् क्षोभामुळे यंत्र या संकेतात सापडले तर काय होईल, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. पण संश्लेषणाच्या इतिहासात तो पुनःपुन्हा पुढे आलेला आहे.

सिद्धांताची उभारणी : जॉर्ज बूल (१८१५–६४) या इंग्रज गणितज्ञांनी तर्कशास्त्रातील विधानांसाठी निर्माण केलेले बीजगणित विद्युत् मंडलांना लागू पडते, हे सी. ई. शॅनन (१९१६–२००१) यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेस १९३७ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात दाखविले. हे काम १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. तोपर्यंत रिले या नावाने परिचित असलेल्या अभिचालित्रांची मंडले अनुभवी तंत्रज्ञ स्वतःच्या कौशल्याने जुळवीत असत. शॅनन यांच्यामुळे मंडल हे समीकरण म्हणून लिहिता येऊ लागले आणि समीकरण सोपे केले की मंडलही लहान होते हे स्पष्ट झाले. तथापि ही पद्धत मुख्यत्वे संयोजी मंडलांपुरती होती.

क्रमिक मंडलांसाठी पद्धतशीर मार्ग डी. ए. हफमन (१९२५–९९) यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात घालून दिला. अपेक्षित वर्तनाचे कोष्टक मांडावयाचे, त्यातील एकसारखे वर्तन असलेल्या ओळी एकत्र करावयाच्या, उरलेल्या अवस्थांना द्विमान संकेत द्यावयाचे आणि त्यांवरून समीकरणे काढावयाची, असा हा क्रम आहे. आजच्या संगणकीय साधनांतही या पायऱ्या ओळखू येतात. जी. एच. मीली (१९२७–२०१०) यांनी १९५५ मध्ये, तर ई. एफ. मूर (१९२५–२००३) यांनी १९५६ मध्ये अवस्था यंत्राची दोन रूपे मांडली. मूर यंत्राचे प्रदान केवळ अवस्थेवर अवलंबून असते. मीली यंत्राचे प्रदान अवस्था व त्या वेळचे आदान या दोहोंवर अवलंबून असते. वर वर्णन केलेले पंपाचे यंत्र मूर प्रकारचे आहे. मीली यंत्रास बहुधा कमी अवस्था लागतात व ते आदानास लवकर प्रतिसाद देते. मात्र आदानातील क्षणिक क्षोभ त्याच्या प्रदानात उतरण्याचा संभव असतो.

याच काळात अवस्था यंत्राची कल्पना गणितातही रुजत होती. डब्ल्यू. एस. मॅकलक व डब्ल्यू. पिट्स यांनी १९४३ मध्ये तंत्रिका कोशिकांच्या जालाचे तार्किक प्रतिमान मांडले होते. त्यावरून पुढे जाऊन एस. सी. क्लीनी यांनी सांत यंत्रास ओळखता येणाऱ्या चिन्हमालिकांचे स्वरूप १९५६ मध्ये निश्चित केले. एम. ओ. रॅबिन व डी. एस. स्कॉट यांच्या १९५९ मधील निबंधाने या सिद्धांतास आजचे रूप दिले. सी. ए. पेट्री (१९२६–२०१०) या जर्मन गणितज्ञांनी १९६२ मधील आपल्या प्रबंधात, एकाच वेळी अनेक ठिकाणी चालणाऱ्या घटनांचे वर्णन करणारी जाळी मांडली. तिच्यात संपूर्ण यंत्रणेची एकच अवस्था मानण्याऐवजी निरनिराळ्या स्थानी ठेवलेल्या खुणांच्या हालचालींनी घटनाक्रम दर्शविला जातो.

संकेतनाचा प्रश्न : हफमन यांच्या क्रमातील सर्वांत अवघड पायरी अवस्थांना संकेत देण्याची ठरली. कोणताही वेगवेगळा संकेत चालत असला, तरी निवडीनुसार मंडलाचा आकार बराच बदलतो. ई. जे. मक्लस्की व एस. एच. अंगर यांनी १९५९ मध्ये खरोखर भिन्न अशा संकेतनांची संख्या काढण्याचे सूत्र दिले. तीन अवस्था व दोन द्विस्थिर मंडले असतील, तर भिन्न संकेतने ३ च असतात. पाच अवस्था व तीन मंडलांसाठी ती १४० होतात. नऊ अवस्था व चार मंडलांसाठी १,०८,१०,८०० होतात. प्रत्येक पर्याय करून पाहणे माणसाच्याच नव्हे, तर मोठ्या यंत्रांच्या बाबतीत संगणकाच्याही आवाक्याबाहेरचे आहे. जे. हार्टमानिस व आर. ई. स्टर्न्स यांनी १९६० नंतरच्या दशकात अवस्थांच्या गटांची बैजिक रचना अभ्यासून सुयोग्य संकेतन शोधण्याचा मार्ग दाखविला.

अवस्थांची संख्या कमी करण्याच्या प्रश्नाला दोन बाजू आहेत. कोष्टक पूर्ण भरलेले असेल, तर समतुल्य अवस्था लवकर शोधता येतात, जे. ई. हॉपक्रॉफ्ट यांनी १९७१ मध्ये यासाठी अत्यंत जलद रीत दिली. कोष्टकात अनिर्दिष्ट जागा असतील, तर मात्र प्रश्न मूलतःच कठीण होतो, असे पुढे सिद्ध झाले. अनिर्दिष्ट जागांमुळे अभिकल्पकास मोकळीक मिळते आणि त्याच मोकळिकीमुळे शोधाचे क्षेत्र अफाट होते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात हे काम संगणकावर सोपविले. समीकरणांच्या लघुकरणासाठी ‘एस्प्रेसो’, तसेच अवस्थांच्या संकेतनासाठी ‘किस’, ‘मस्टँग’ व ‘नोव्हा’ हे संगणकीय कार्यक्रम तयार झाले. ‘किस’ हा कार्यक्रम जी. डी मिकेली, आर. के. ब्रेटन व ए. सँजोव्हानी-व्हिन्सेंटेली यांनी १९८५ मध्ये वर्णिला. आधी चिन्हरूप कोष्टक लहान करावयाचे व त्यातून निघणाऱ्या अटी पाळणारे संकेत नंतर द्यावयाचे, ही त्यामागील कल्पना होती.

कोष्टकापासून चिपकडे : एम. व्ही. विल्क्स यांनी १९५१ मध्ये सुचविलेल्या सूक्ष्मकार्यक्रमणात नियंत्रणाचे कोष्टक स्मृतीत साठवून क्रमाने वाचले जाते. त्यामुळे नियंत्रण बदलावयाचे झाल्यास तारा बदलाव्या लागत नाहीत. संकलित मंडलांच्या युगात याला जोड मिळाली ती पीएलए या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या तर्कजाळीची. तिच्या एका पटलावर ‘आणि’ या क्रियेची पदे व दुसऱ्यावर ‘किंवा’ या क्रियेच्या बेरजा तयार होतात. प्रदानांपैकी काही द्विस्थिर मंडलांमार्फत आदानांकडे परत आणली की अवस्था यंत्र तयार होते. सी. मीड व एल. कॉनवे यांच्या १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अतिविशाल संकलित मंडलांवरील पाठ्यपुस्तकात महामार्ग व शेतरस्ता यांच्या छेदावरील दिव्यांचे नियंत्रक याच पद्धतीने रचून दाखविले आहे. या पुस्तकामुळे कोष्टक ते चिप हा मार्ग विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आला.

या टप्प्यावरील एक महत्त्वाचे कार्य सुहास पाटील यांचे आहे. त्यांचा जन्म १९४४ मध्ये जमशेटपूर येथे झाला. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून १९६५ मध्ये पदवी घेतल्यावर ते मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे गेले आणि १९७० मध्ये तेथून डॉक्टरेट मिळविली. एकमेकांशी समकालिक नसलेल्या घटनांचा समन्वय हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता व त्यासाठी त्यांनी पेट्री जाळ्यांचा उपयोग केला. पुढे युटा विद्यापीठात असताना त्यांनी साठवण-तर्कजाळीची कल्पना विकसित केली. तीविषयीचा पाटील व टी. ए. वेल्श यांचा निबंध १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या तर्कजाळीत दोन पटले वेगळी व द्विस्थिर मंडले बाहेर असतात. पाटील यांनी दोन्ही पटले एकात एक मिसळली, द्विस्थिर मंडले जाळीच्या आतच बसविली आणि ओळी व स्तंभ हवे तेथे तोडण्याची सोय केली. त्यामुळे एकाच जाळीत अनेक लहान अवस्था यंत्रे परस्परांशेजारी मांडता येऊ लागली. कागदावरील चिन्हांची मांडणी हाच जवळजवळ चिपचा आराखडा झाला. या पद्धतीच्या आधारे त्यांनी १९८१ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे ‘पाटील सिस्टिम्स’ ही कंपनी स्थापन केली. १९८४ पासून ती ‘सिरस लॉजिक’ या नावाने कॅलिफोर्नियात काम करू लागली. संगणकाच्या चकती-साठवणीची नियंत्रक चिप हे तिचे सुरुवातीचे एक प्रमुख उत्पादन होते. असे नियंत्रक हे मुख्यतः अवस्था यंत्रांचेच बनलेले असते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

हार्डवेअर वर्णन भाषा : चिपवरील घटकांची संख्या वाढत गेली तसे कोष्टके व आकृत्या अपुऱ्या पडू लागल्या. मंडलाचे वर्णन कार्यक्रमासारख्या लिखित भाषेत करण्याचे प्रयत्न आधीपासून चालू होते. त्यांतील दोन भाषा सर्वत्र रूढ झाल्या. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या अतिवेगवान संकलित मंडलांच्या योजनेतून ‘व्हीएचडीएल’ ही भाषा निघाली व १९८७ मध्ये ती प्रमाणित झाली. गेटवे डिझाइन ऑटोमेशन या कंपनीत फिल मूर्बी व प्रभू गोयल यांनी ‘व्हेरिलॉग’ ही भाषा १९८० नंतरच्या दशकात तयार केली; ती १९९५ मध्ये प्रमाणित झाली.

या भाषा प्रारंभी मंडलाचे वर्तन संगणकावर आभासाने चालवून पाहण्यासाठी होत्या. लिहिलेल्या वर्णनावरून तर्कद्वारांचे जाल आपोआप तयार करणारे कार्यक्रम प्रचारात आल्यावर त्यांचे स्वरूप बदलले. वर्णन हेच मंडलाचे मूळ साधन झाले. १९८५ मध्ये झायलिंक्स या कंपनीने आणलेल्या एफपीजीए प्रकारच्या जाळीची जुळणी वापरणाराच पुनःपुन्हा बदलू शकत असल्याने, हे वर्णन कारखान्यात न पाठविता मेजावरच प्रत्यक्षात आणता येऊ लागले. लहान उद्योग व महाविद्यालये यांच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता.

अशा भाषेत अवस्था यंत्र साधारणतः तीन भागांत लिहितात : काल-स्पंदाबरोबर अवस्था साठविणारा भाग, पुढील अवस्था ठरविणारा भाग आणि प्रदान ठरविणारा भाग. अवस्थांना संकेतांऐवजी नावे दिली जातात व संकेतन संश्लेषकावर सोपविता येते. एफपीजीएमध्ये द्विस्थिर मंडले विपुल असल्याने प्रत्येक अवस्थेस स्वतंत्र मंडल देण्याची रीत लोकप्रिय झाली. तिच्यात कोणत्याही क्षणी एकच मंडल १ असते. त्यामुळे तर्क सोपा व यंत्र जलद होते.

अनिर्दिष्ट अवस्थेचा प्रश्न : पंपाच्या यंत्रात ख चे पुढील मूल्य १ होण्यास दोन पर्यायी अटी आहेत. एक म्हणजे क शून्य, खालचा संकेत १ व वरचा ०. दुसरी म्हणजे क शून्य, ख १ व वरचा संकेत ०. यांपैकी दुसऱ्या अटीतून ‘क शून्य’ हा भाग गाळला, तरी विराम, उपसा व बिघाड या तिन्ही अवस्थांतील वर्तनात काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त ११ या संकेतात आणि त्याविषयी अभिकल्पकाने काहीच सांगितलेले नाही. लघुकरण करणारा माणूस किंवा कार्यक्रम हा भाग गाळतो व तर्कद्वाराची एक तार वाचवितो. परिणाम असा होतो की, यंत्र ११ या संकेतात सापडले, तर टाकी भरेपर्यंत तेथेच राहते, घंटा वाजत असताना पंपही चालू राहतो आणि पुनःस्थापनेची कळ दाबल्यास ते विरामाऐवजी उपशाकडे जाते. बिघाडात पंप बंद असावा हा मूळ हेतूच मोडतो. ती तार न वाचविल्यास यंत्र पुढच्याच स्पंदास ११ मधून बिघाडाकडे जाते.

म्हणजेच अनिर्दिष्ट अवस्था ही वर्तनहीन नसते. तिचे वर्तन कोणीतरी ठरवितेच. अभिकल्पकाने ठरविले नाही, तर ते काटकसरीच्या ओघात ठरते. प्रत्येक अवस्थेस स्वतंत्र द्विस्थिर मंडल देण्याच्या रीतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. कारण दहा अवस्थांसाठी दहा मंडले घेतल्यास १,०२४ संकेतांपैकी १,०१४ संकेत निरर्थक असतात.

वर्णन भाषांनी प्रश्न मिटविला नाही; त्याचे रूप पालटले. संयोजी भागाच्या वर्णनात एखाद्या परिस्थितीतील प्रदान लिहावयाचे राहून गेले, तर भाषेच्या नियमानुसार जुने मूल्य टिकवावे लागते आणि संश्लेषक तेथे कोणालाही नको असलेली स्मृती निर्माण करतो. याउलट, ‘इतर सर्व बाबतीत बिघाडाकडे जावे’ असे अभिकल्पकाने स्पष्ट लिहिले, तरी नियमित संक्रमणांनी तेथे पोहोचता येत नाही असे पाहून संश्लेषक तो भाग अनावश्यक म्हणून काढून टाकू शकतो. तर्कदृष्ट्या त्याचे म्हणणे बरोबर असते. परंतु विद्युत् क्षोभ किंवा अवकाशातील प्रारण यांनी एखाद्या द्विस्थिर मंडलाचे मूल्य उलटू शकते, हे तर्काच्या कक्षेबाहेरचे वास्तव त्याला ठाऊक नसते. म्हणून असे यंत्र सुरक्षित प्रकारचे ठेवावे अशी वेगळी सूचना संश्लेषकास द्यावी लागते व तयार झालेले मंडल मूळ वर्णनाशी ताडून पाहावे लागते. आर. ई. ब्रायंट यांनी १९८६ मध्ये दिलेल्या द्विमान निर्णयाकृतींमुळे, तसेच ई. एम. क्लार्क व ई. ए. इमर्सन यांच्या १९८१ पासूनच्या प्रतिमान-तपासणीच्या कार्यामुळे ही पडताळणीही संगणकावर करता येऊ लागली.

महाराष्ट्रातील कार्य : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ‘टिफ्रॅक’ हा अंकीय संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. निर्वात नलिकांच्या या यंत्राचे अभिकल्पन वर्णन भाषा किंवा संश्लेषक यांच्या साहाय्याविना झाले. नियंत्रण विभागाचा घटनाक्रम कागदावर मांडून त्याची मंडले माणसांनीच आखली व जुळविली.

उद्योगांच्या बाजूने पाहता ठाणे–बेलापूर पट्ट्यातील महापे या ठिकाणाचा उल्लेख करावा लागतो. ठाणे खाडीच्या पूर्वेस, पारसिक डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेले हे गाव आता नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने या पट्ट्यात जे औद्योगिक क्षेत्र उभारले, त्यातील महापे येथील भाग इलेक्ट्रॉनिक्स विभाग म्हणून राखला आहे. १९४० मध्ये रेडिओ उद्योगातून सुरुवात झालेली टाटा समूहातील ‘नेल्को’ ही कंपनी याच विभागात आहे. रेडिओ संचांनंतर औद्योगिक नियंत्रणाची इलेक्ट्रॉनीय साधने व पुढे उपग्रह संदेशवहन, असा तिचा प्रवास झाला. महापे येथेच महामंडळाच्या मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये संगणक-कार्यक्रम तयार करणाऱ्या कंपन्या आल्या. उपकरण बनविणारे व त्याचे वर्तन लिहिणारे असे दोन्ही प्रकारचे व्यवसाय येथे शेजारी आले आहेत. अवस्था यंत्र हे या दोन व्यवसायांच्या सीमेवरचे आहे. मोटार, झडप, भट्टी किंवा पंप यांच्या नियंत्रणात अवस्था थोड्या असतात, पण चुकीची किंमत मोठी असते. त्यामुळे वर चर्चिलेला अनिर्दिष्ट अवस्थेचा प्रश्न अशा नियंत्रकांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा ठरतो.

संश्लेषणाच्या साधनांविषयीचे राज्यातील उल्लेखनीय संशोधन पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाले. समीर सहस्रबुद्धे, कवी आर्य, माधव देसाई व त्यांचे सहकारी यांनी ‘अहिर’ या मध्यवर्ती निरूपणाचे वर्णन २००७ मध्ये प्रसिद्ध केले. उच्च पातळीच्या भाषेत लिहिलेल्या कार्यक्रमापासून हार्डवेअर निर्माण करणे हा त्याचा हेतू आहे. त्यात कार्यक्रमाचे नियंत्रण, गणनक्रिया व साठवण असे तीन भाग वेगळे केले जातात. नियंत्रणाचा भाग एकाच मोठ्या अवस्था यंत्राऐवजी पेट्री जाळीच्या रूपात मांडला जातो. त्यामुळे परस्परांवर अवलंबून नसलेल्या क्रिया एकाच वेळी चालू राहू शकतात. शेवटी या निरूपणावरून व्हीएचडीएल भाषेतील वर्णन आपोआप तयार होते. देसाई यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झालेल्या ‘अजित’ या ३२ द्विमान अंकी सूक्ष्मप्रक्रियकाच्या अभिकल्पात या साधनमालिकेचा उपयोग करण्यात आला. या सूक्ष्मप्रक्रियकाची घोषणा २०१९ मध्ये झाली. त्याची चिप मात्र पंजाबातील मोहाली येथील सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने बनविण्यात आली. वर्णन एका ठिकाणी व निर्मिती दुसऱ्या ठिकाणी, ही विभागणी जगभर रूढ आहे. वर्णन स्वयंपूर्ण व निःसंदिग्ध असेल तरच ती शक्य होते. कारण चिप बनविणाऱ्यास अभिकल्पकाच्या मनातील हेतू विचारता येत नाही.

टिफ्रॅकच्या काळी संक्रमणाची प्रत्येक ओळ माणूस लिहीत असे; ‘अहिर’सारख्या साधनात अवस्था माणसास दिसतही नाहीत. समीकरणे सोपी करणे, संकेत देणे, तारा जोडणे व अवस्था मांडणे ही कामे साठ वर्षांच्या अवधीत एकेक करून यंत्राकडे गेली. यंत्रणेने कोणत्या परिस्थितीत काय करावे व अनपेक्षित परिस्थितीत कोठे जाऊन थांबावे हे सांगणे मात्र अजूनही अभिकल्पकाचेच काम राहिले आहे. वर्णन भाषा शिकण्यापूर्वी हफमन यांच्या पद्धतीचे कोष्टक हाताने भरण्याचा सराव म्हणूनच उपयुक्त ठरतो. कोष्टकात रिकामी राहिलेली जागा तेथे डोळ्यांना दिसते. भाषेतील वर्णनात ती दिसत नाही, हेच या सरावाचे प्रयोजन होय.